जारच्या पाण्यातलं ब्रोमेट: एक पाणी, दोन रिपोर्ट

हे प्रकरण सोलापुरातल्या एका पाण्याच्या प्लांटचं आहे. प्लांटचं नाव सांगत नाही, मालकाचंही नाही, आकडे थोडे गोल केलेत, आणि सगळे त्यांना अण्णा म्हणतात म्हणून मीही अण्णाच म्हणतो. अण्णांचे आधी यंत्रमाग होते, टॉवेल काढायचे, मग सुताचे भाव, कामगार, लाइटबिल या सगळ्याला कंटाळून माग विकले आणि चिंचोली एमआयडीसीच्या बाजूला आरओ प्लांट टाकला. २० लिटरचे जार, लग्नकार्याला थंड पाणी, ऑफिसांचं महिन्याचं खातं. नळाला रोज पाणी येत नाही त्यामुळं हा धंदा इथं चालतोच, उन्हाळ्यात तर गाडीला दम खायला वेळ नसतो.

भांडण सुरू झालं एका मोठ्या गिऱ्हाईकामुळं. त्यांनी जारमधलं पाणी परस्पर पुण्याच्या लॅबला पाठवलं, पूर्ण पॅरामीटरचा रिपोर्ट मागवला, सगळं ठीक आणि एका ओळीखाली लाल रेघ: ब्रोमेट १४ पीपीबी (म्हणजे लिटरमागं १४ मायक्रोग्रॅम), मर्यादा १०. अण्णांनी ब्रोमेट हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी त्याच बॅचचं पाणी ओळखीनं इथल्या एका कॉलेजच्या इन्स्ट्रुमेंट रूमला दिलं, तिथं कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसचं, म्हणजे बारीक नळीत वीज लावून पाण्यातले घटक वेगळे करायचं, जुनं पण चालू मशीन आहे, एमएस्सीच्या पोरांनी बसून आकडा काढला तो आला ५. झालं. गिऱ्हाईक म्हणतंय पाणी फेल, अण्णा म्हणतायत पास, आणि दोघांच्याही हातात कागद. "काय सांगालाय सर, पाणी तेच, पुण्याला जाताना वाटेत वाढलं का काय ते?" हा प्रश्न घेऊन ते माझ्याकडं आले, आणि खरं सांगायचं तर प्रश्न चांगला होता.

आधी ब्रोमेट म्हणजे काय ते उरकून टाकतो. बोअरच्या पाण्यात क्लोराइडबरोबर थोडं ब्रोमाइड असतंच. ब्रोमाइड स्वतः या प्रमाणात काही त्रास देत नाही, पण त्या पाण्यातनं ओझोन सोडला की ते टप्प्याटप्प्यानं ब्रोमेट होतं. जंतू मारायला ओझोन उत्तम, चव-वास मागं ठेवत नाही, म्हणून बाटलीबंद पाणीवाले तोच वापरतात. पोटॅशियम ब्रोमेटला आयएआरसी या डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 'माणसात कॅन्सर करण्याची शक्यता' या २बी गटात टाकलंय, आणि पावात घालायचं तेच पोटॅशियम ब्रोमेट आपल्या एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०१६ साली परवानगीच्या यादीतनं काढलं, तेव्हा पेपरात आलं होतं. पाण्यातली १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा डब्ल्यूएचओची, अमेरिकेची, युरोपची, सगळीकडं तीच. आणि गंमत म्हणजे डब्ल्यूएचओ या आकड्याला 'तात्पुरता' म्हणतं, कारण त्याच्या खाली मोजणं आणि पाण्यातनं काढणं दोन्ही अवघड. म्हणजे मर्यादा ठरवतानाच मोजण्याच्या मशीनकडं बघून ठरवलीय, त्यामुळं मर्यादेच्या जवळचा आकडा आला की मोजणाऱ्याचा कस लागणारच.

आता मोजायचं किती आणि कशात, ते बघा. अण्णांच्या जारमधल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास, त्यात क्लोराइड ५५ मिलिग्रॅम धरू. १४ पीपीबी ब्रोमेट म्हणजे हिशेब केला तर एका ब्रोमेट आयनमागं (आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण) १४ हजारांच्या वर क्लोराइड आयन येतात. नायट्रेट, सल्फेट, बायकार्बोनेट अजून धरलेच नाहीत. ट्रेस ॲनालिसिसमधे, म्हणजे अगदी किंचित असलेलं मोजताना, पदार्थ कमी आहे हे दुखणं अर्धंच असतं, उरलेलं अर्धं म्हणजे त्याच्या आजूबाजूला जी गर्दी आहे ती, आणि या सगळ्या प्रकरणाची चावी त्या गर्दीतच होती.

मशीन कसं चालतं हे माहीत नसणाऱ्यांसाठी थोडं. केसासारखी बारीक सिलिकाची नळी, आतला व्यास ७५ मायक्रॉन, लांबी ६० सेंटीमीटर, बाहेरनं तपकिरी पॉलिइमाइडचा लेप म्हणून ती वाकते, नाहीतर काचच. नळीत बफर (पीएच स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण), दोन टोकं दोन कुप्यांत, आणि दोन्हीकडं मिळून २० हजार व्होल्ट. आयन आपापल्या वेगानं पळतात, वाटेत एका ठिकाणी यूव्ही प्रकाश आडवा जातो तिथं कोण कधी गेलं ते दिसतं. त्या ठिकाणचा लेप काढावा लागतो, तो काढायची आमच्याकडची पद्धत म्हणजे लायटरची ज्योत २-३ मिलिमीटरवर फिरवायची, काळा झाला की मेथॅनॉलमधे भिजवलेल्या टिश्यूनं अलगद पुसायचं, आणि मग तो भाग बोटाला लागू द्यायचा नाही कारण उघडी काच नुसत्या धक्क्यानं मोडते. नवीन पोरगं आलं की पहिल्या आठवड्यात एक तरी कॅपिलरी तिथंच तुटते.

या अख्ख्या नळीत मावतं किती तर अडीच मायक्रोलिटरच्या थोडं वर. नेहमीच्या पद्धतीनं सँपल आत घ्यायचं म्हणजे त्याच्या साधारण १ टक्का, २५ नॅनोलिटर. एवढुशा पाण्यात १४ पीपीबीचं ब्रोमेट म्हणजे काहीच नाही, आणि यूव्हीला बघायला वाट किती तर नळीच्या जाडीएवढी, ७५ मायक्रॉन. जेम्स जॉर्गेन्सन आणि क्रिन लुकाक्स यांनी १९८१ मधे बारीक नळीतलं हे तंत्र दाखवलं तेव्हापासून त्याचं कौतुक आणि रडगाणं दोन्ही तेच आहे, वेगळं करायला फार भारी, पण कमी प्रमाण दिसत नाही. म्हणून नळीच्या आतच सँपल गोळा करून दाट करायच्या युक्त्या निघाल्या. टिसेलियसला इलेक्ट्रोफोरेसिससाठी १९४८ चं नोबेल मिळालं ते प्रथिनं वेगळी केली म्हणून, पण पाण्यात काम करणाऱ्या आमच्यासारख्यांचं पोट या दाट करण्याच्या युक्त्यांवर चालतं.

पोरांनी वापरलेली युक्ती त्यातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जोरदार. सँपल दाबानं आत ढकलायचं नाही, व्होल्टेजनं ओढून घ्यायचं. बफर खारट म्हणजे वीज चांगली वाहणारा, सँपल पाण्यासारखं म्हणजे वीज कमी वाहणारं, मग सगळा व्होल्टेज सँपलच्या भागात पडतो, तिथले आयन भन्नाट वेगानं नळीत शिरतात आणि बफरच्या हद्दीवर आले की फील्ड, म्हणजे विजेचा ओढा, कमी होऊन एकदम हळू होतात. मागचे येत राहतात, पुढचे थबकलेत, म्हणजे हद्दीवर थप्पी लागते. याला फील्ड ॲम्प्लिफाइड सँपल इंजेक्शन म्हणतात, लॅबमधे नुसतं स्टॅकिंग. बफर फॉस्फेटचं, पीएच ३ च्या जवळ, म्हणजे काचेच्या भिंतीमुळं पाणी स्वतःच उलटं वाहतं तो त्रास जवळपास बंद, आणि ऋण आयन सरळ धन टोकाकडं. यूव्ही २०० नॅनोमीटरवर, तिथं ब्रोमेट दिसतं, नायट्रेट आणि ब्रोमाइड पण दिसतात. इथपर्यंत पोरांचं सगळं बरोबर होतं, पीक, म्हणजे ग्राफवरचा ब्रोमेटचा उंचवटा, सुंदर होता, नायट्रेटपासून मोकळा, मी असतो तर मीही खूश झालो असतो.

मग ५ का आला? मी त्यांचा स्टँडर्डचा, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाच्या द्रावणांचा, ग्राफ मागितला. सरळ रेघ, एकदम देखणी. स्टँडर्ड कशात केलं? तर शुद्ध पाण्यात, मिली-क्यू मधे. तिथंच खोड होती.

नीट बघा, स्टॅकिंगचा सगळा जोर कशावर, तर सँपल बफरपेक्षा किती कमी वीज वाहतं त्यावर. मिली-क्यू पाण्यात थोडंसं ब्रोमेट घातलं तर त्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (वीज वाहण्याची क्षमता) १-२ मायक्रोसिमेन्स. अण्णांच्या पाण्याची ३०० च्या आसपास. स्टँडर्डमधे फील्ड प्रचंड, ब्रोमेट तुटून पडतं, आणि आत येणारा करंट वाहून आणायला दुसरं कुणी नाहीच, सगळा मान ब्रोमेटला. अण्णांच्या पाण्यात फील्ड आधीच मवाळ, वर करंट वाहून आणायला १४ हजार क्लोराइड रांगेत, ब्रोमेटच्या वाट्याला किती येणार? म्हणजे तेवढंच ब्रोमेट असलेल्या दोन कुप्या ठेवल्या तरी स्टँडर्डच्या कुपीतनं जास्त आत येतं, आणि त्या मापानं सँपल मोजलं की आकडा पडणारच. यात पोरांच्या हाताचा दोष कमी आणि पुस्तकांचा जास्त, कारण बहुतेक ठिकाणी स्टॅकिंग शिकवताना 'संवेदनशीलता शंभरपट वाढते' हे मोठ्या अक्षरात असतं आणि ती किती पट वाढणार हे सँपल ठरवतं, तुम्ही नाही, हे कुठंतरी खाली.

उपाय जुनाच आहे, स्टँडर्ड ॲडिशन. अण्णांच्याच पाण्याचे चार भाग केले, एक तसाच, बाकीच्यात ठरावीक ब्रोमेट घातलं, १०, २०, ३० पीपीबी. पीपीबीनं कंडक्टिव्हिटीला काही फरक पडत नाही, म्हणजे गर्दी चारही कुप्यांत सारखी. ग्राफ काढला तर रेघ सरळच, पण उतार शुद्ध पाण्यातल्या रेघेच्या साधारण एक तृतीयांश. उत्तर आलं १३ ते १४ च्या मधे. पुण्याचा आकडा खरा होता. पुण्याला आयन क्रोमॅटोग्राफीवर (आयन वेगळे करायची दुसरी पद्धत) केलेलं, तिथं सँपल व्हॉल्व्हच्या लूपमधनं ठरलेल्या मापानं आत जातं, त्यामुळं टीडीएसमुळं आत जाणाऱ्या मापात फरक पडत नाही.

एक बारीक गोष्ट जाता जाता, कारण हीच नंतर पोरांना छळत होती. व्होल्टेजनं ओढताना कुपीतलं पाणी तेवढंच राहतं पण आयन कमी होत जातात, त्यामुळं एका कुपीतनं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा इंजेक्शन घेतलं की पीक उतरत जातो, आणि आपण समजतो मशीन बिघडलं. दर वेळी नवी कुपी. दुसरं म्हणजे उन्हाळा. आयनचा वेग दर डिग्रीला जवळपास २ टक्क्यांनी बदलतो, आणि मे महिन्यात सोलापुरात बाहेर ४२-४३ असताना रूमचा एसी दुपारी लाइट गेल्यावर बंद पडला की सकाळचा आणि दुपारचा पीक एका वेळेवर येईल ही अपेक्षाच चूक. सगळं काम सकाळी ७ ते ११ मधे उरकायचं ठरलं.

आकडा १४ आला तरी माझं समाधान झालं नव्हतं. एकाच प्रकारच्या इंजेक्शननं काढलेल्या आकड्यावर गिऱ्हाईक आणि मालकाचा वाद मिटवायचा म्हणजे मला पटत नाही, दुसऱ्या वाटेनं तोच आकडा यायला पाहिजे. आणि ती दुसरी वाट मला या सगळ्या विषयातली सगळ्यात आवडती आहे, त्यामुळं इथं जरा थांबतो.

आयसोटॅकोफोरेसिस. कोलराउश नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८९७ मधे आयनांच्या हद्दी वीजप्रवाहात कशा सरकतात याचं गणित मांडलं, त्यावर हे तंत्र उभं आहे, आणि १९७० च्या दशकात नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला एव्हरार्ट्स आणि मंडळींनी ते कामाचं करून दाखवलं. सँपलच्या पुढं सगळ्यात वेगवान आयन ठेवायचा, मागं सगळ्यात हळू आयन. करंट सुरू झाला की मधले सगळे आपापल्या वेगाप्रमाणं रांग लावतात आणि मग सगळी रांग एकाच वेगानं चालते. सिद्धेश्वरांच्या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज जसे ठरल्या क्रमानं एकामागं एक निघतात, कुणी कुणाला ओलांडत नाही आणि मधे खिंडार पडत नाही, तसं. जो आयन मागं पडतो त्याला मागच्या भागातलं जास्तीचं फील्ड पुढं ढकलतं, जो पुढं घुसतो तो कमी फील्डमधे जाऊन हळू होतो, म्हणजे हद्द स्वतःच स्वतःला धार लावत राहते.

पण खरी मजा याच्या पुढं आहे. त्या रांगेत प्रत्येकाचा दाटपणा किती असणार हे सँपल ठरवत नाही, पुढचा आयन ठरवतो. पुढं १० मिलिमोलर (मोलर म्हणजे आयनांच्या संख्येवरनं दाटपणाचं माप) क्लोराइड असेल तर त्याच्यामागच्या ब्रोमेटच्या पट्ट्याचा दाटपणा ९ मिलिमोलरच्या आसपास येतो, सँपलमधे ते कितीही विरळ असू दे. आपलं ब्रोमेट मूळ पाण्यात ०.१ मायक्रोमोलर. म्हणजे दाट होणं हजारात मोजायचं, ८०-९० हजार पट. फक्त ब्रोमेट मुळात एवढं कमी आहे की पट्टा भरायला पुरत नाही, १० मायक्रोलिटर पाणी घेतलं तरी ०.३ मिलिमीटरच्या नळीत तो पट्टा दीड-पावणेदोन मायक्रॉन लांबीचा होईल, कुठल्या डिटेक्टरला दिसणार? म्हणून एकदा दाट करून झालं की त्याला परत थोडं मोकळं सोडावं लागतं, साध्या इलेक्ट्रोफोरेसिससारखं पळू द्यावं लागतं. स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाला कानियान्स्की आणि त्यांच्या मंडळींनी यासाठी दोन नळ्या जोडून फार सुंदर कामं केलीत, एका नळीत गोळा करायचं, गर्दी बाजूला काढून टाकायची, आणि फक्त हवा तो तुकडा दुसऱ्या नळीत सोडायचा. आपल्याकडं दोन नळ्यांचं यंत्र नाही. पण एका नळीत तात्पुरती तशी अवस्था आणता येते, आणि अण्णांच्या पाण्यात त्यासाठी लागणारं सामान आयतंच होतं.

क्लोराइड! मगाशी ज्याला गर्दी म्हणून शिव्या दिल्या तेच. आयनांच्या चालण्याचे आकडे बघा, एकक सोडून देतो: क्लोराइड ७६, नायट्रेट ७१, ब्रोमेट ५६, आणि आपल्या बफरमधलं फॉस्फेट ३५ च्या आसपास. पाण्यातलं भरपूर क्लोराइड पुढं धावतं ते पुढारी, बफरचं फॉस्फेट मागून ढकलणारं, आणि ब्रोमेट दोघांच्या बरोबर मधे सापडतं. सँपल दाबानं भरायचं, नळीच्या १ टक्का कशाला, चांगलं १० टक्के, आणि व्होल्टेज सुरू केला की क्लोराइडच्या शेपटीला ब्रोमेट आपोआप गोळा होतं. थोड्या वेळानं क्लोराइड पुढं निघून जातं, ब्रोमेट सुटतं आणि स्वतःच्या पीकनं डिटेक्टरला येतं. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोचे गेबाउर आणि बोचेक यांनी १९९२ मधे याला सँपलचं स्वतःच स्वतःला गोळा करणं म्हणून मांडलं. म्हणजे स्टॅकिंगमधे जे क्लोराइड आकडा पाडत होतं तेच इथं कामाला लागतं. अर्थात हद्द आहे, क्लोराइड फार झालं तर ते ब्रोमेटला शेवटपर्यंत सोडतच नाही, डिटेक्टर येतो तरी ब्रोमेट नायट्रेटच्या पाठीला चिकटलेलं, वेगळा पीकच नाही. कच्च्या बोअरच्या पाण्यावर नेमकं तेच होतं.

फ्लोराइडची एक शंका पोरांनी काढली आणि बरोबर काढली. फ्लोराइडचा वेग ब्रोमेटएवढाच, ५५, आणि आपल्या भागातल्या बोअरला फ्लोराइड असू शकतं. पीएच ७ ला दोघं एकाच जागी बसतील. पण पीएच ३ ला फ्लोराइडचा अर्ध्याहून जास्त भाग एचएफ होऊन चार्ज सोडतो आणि ते मागं पडतं, ब्रोमेट तीव्र आम्लाचं असल्यामुळं त्याला पीएचचा काही फरक नाही. बायकार्बोनेट तर त्या पीएचला कार्बन डायऑक्साइड होऊन रांगेतनंच बाहेर. आम्लधर्मी बफर घेण्याचं निम्मं कारण हे.

अडचण एवढीच की या दाबाच्या पद्धतीनं १४ पीपीबी आमच्या यूव्हीवर धड दिसत नव्हतं, गोंगाटातनं जेमतेम डोकं वर. मग अण्णांना सांगितलं, एक मुद्दाम वाईट बॅच करा, विकायची नाही, बायपास जास्त उघडा आणि ओझोन दुप्पट वेळ द्या. ते पाणी आलं, दाबानं भरून मोजलं, साधारण १२० पीपीबी. तेच पाणी स्टँडर्ड ॲडिशन करून व्होल्टेजनं मोजलं, ११५. एवढं जुळलं तर माझ्या हिशेबानं पुरे, यापेक्षा जास्त जुळलं असतं तर मला संशय आला असता.

बायपासचा उल्लेख आला तो आता उलगडतो, कारण खरा गुन्हेगार तोच निघाला. मशीन जुळल्यावर प्लांटवर गेलो आणि चार ठिकाणचं पाणी घेतलं: बोअर, आरओच्या बाहेर, मिक्सिंग टाकीनंतर, ओझोननंतर. तीन ठिकाणी ब्रोमेट काही नाही, चौथ्या ठिकाणी १४. मला आधी संशय टाकी धुवायच्या हायपोचा होता, सोडियम हायपोक्लोराइटच्या कॅनमधेच ब्रोमेट अशुद्धी म्हणून येऊ शकतं आणि जुनं, उन्हात पडलेलं हायपो असेल तर क्लोरेट, ब्रोमेटचाच क्लोरीनवाला भाऊ, पण वाढतं, पण टाकीनंतरच्या पाण्यात ब्रोमेट नव्हतं म्हणजे हायपो सुटला. राहिला ओझोन. पण आरओच्या पाण्यात ब्रोमाइडच नसेल तर ओझोन ब्रोमेट करणार कशाचं?

आणि मग ती व्हॉल्व्ह दिसली. आरओच्या आधीच्या लाइनवरनं एक अर्ध्या इंचाची पाइप सरळ मिक्सिंग टाकीत. अण्णा म्हणाले, "ते टीडीएस कंट्रोल हाय ओ सर, नुसतं आरओचं पाणी लई फिक्कं लागतंय, लोकं म्हणतेत तहानच भागत नाही." बरोबर आहे, सगळे प्लांटवाले हेच करतात, आरओचं ४० टीडीएसचं पाणी कुणाला आवडत नाही, म्हणून थोडं कच्चं पाणी मिसळून १५० करतात. बोअरचा टीडीएस १२००, म्हणजे साधारण १० टक्के कच्चं पाणी. बोअरमधे ब्रोमाइड आम्ही त्याच मशीनवर मोजलं, पाणी शंभरपट पातळ करून, क्लोराइडच्या पुढंमागं घोटाळत होतं म्हणून आकडा ढोबळच, लिटरला १ मिलिग्रॅम धरू. १० टक्क्यानं टाकीत आलं १०० मायक्रोग्रॅम. सगळ्याचं ब्रोमेट झालं तर वजन १.६ पट होऊन १६०. त्याचा दहावा भाग जरी झाला तरी १६, आणि आपल्याकडं १४. हिशेब पुरता बसतो. उन्हाळ्यात चवीची तक्रार वाढली तशी व्हॉल्व्ह थोडी थोडी उघडत गेली, आणि जार गाडीत तापतात म्हणून ओझोनचा नॉब पण वर, दोन्ही हात एकाच दिशेनं.

अण्णांना हे समजावताना मला मजा आली कारण मागाचा माणूस आहे, कारण-परिणाम पटकन पकडतो. त्यांचा पहिला प्रश्न, "मग आता झालेलं ब्रोमेट काढता येतंय का?" काढता येतं पण या धंद्यात परवडत नाही, परत आरओतनं काढावं लागेल. होऊच द्यायचं नाही हाच मार्ग. बायपास बंद केला, पाइपच कापली म्हणजे कुणी रात्रपाळीत उघडायला नको. चवीसाठी कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं डोसिंग लावलं, आणि ते क्षार घेताना ब्रोमाइडचा आकडा सप्लायरकडनं लेखी मागा म्हणून सांगितलं, नाहीतर व्हॉल्व्ह बंद आणि ब्रोमाइड पुडक्यातनं. ओझोनचा नॉब खाली आणला, किती ते रोज पाण्यातला उरलेला ओझोन मोजून. पीएच थोडा कमी असेल तर ब्रोमेट कमी होतं, कारण ओझोन ज्याच्यावर पुढं जातो ते हायपोब्रोमाइट कमी उरतं, आणि आरओचं पाणी मुळातच जरा आम्लाकडं झुकलेलं असतं ते इथं फायद्याचं, म्हणून डोसिंगमधे बायकार्बोनेट फार ओतू नका असंही सांगितलं.

कॉलेजच्या पोरांनी आपली पद्धत बदलली ती अशी. स्टँडर्ड आता मिली-क्यूमधे नाही, एआर ग्रेडचं, म्हणजे लॅबसाठीचं शुद्ध, सोडियम क्लोराइड घालून सँपलच्या कंडक्टिव्हिटीला आणलेल्या पाण्यात. सँपल आलं की पहिल्यांदा कंडक्टिव्हिटी मीटर बुडवायचा, तो आकडा रजिस्टरला, मग बाकी सगळं. एकानं घरचं मीठ घालू का विचारलं, तर नाही, त्यात आयोडीनसाठी पोटॅशियम आयोडेट असतं आणि आयोडेट २०० नॅनोमीटरवर व्यवस्थित दिसतं, नसलेला पीक बघत बसाल. महिन्यातनं एक सँपल स्टँडर्ड ॲडिशननं पण.

इथं कुणी विचारेल, एवढं करण्यापेक्षा आयन क्रोमॅटोग्राफी का नाही. रोजच्या कायदेशीर रिपोर्टला तीच करावी, माझं स्पष्ट मत आहे, वाद कोर्टात जाणार असेल तर इलेक्ट्रोफोरेसिसचा कागद घेऊन जाऊ नका. पण चार नळांचं पाणी, वाईट बॅच, बदलानंतरचं पाणी, डोसिंगचे वेगवेगळे प्रकार, असं सगळं तपासायला दर वेळी पुण्याला बाटली आणि फी पाठवली असती तर अण्णांनी दुसऱ्या बाटलीला हात वर केले असते. इथं खर्च म्हणजे थोडं फॉस्फेट आणि एक कॅपिलरी, तीही लायटरवाल्या पोरानं मोडली तर दोन. कारण शोधायला हे मशीन, शिक्का मारायला ते.

बदलानंतरचं पाणी पुण्याला परत गेलं आणि ब्रोमेटच्या ओळीत आकडाच नाही, मोजता येण्याच्या खाली म्हणून आलं. आमच्याकडं ओढून घेतलेल्या इंजेक्शनला अगदी किंचित उंचवटा दिसतो, २ पीपीबीच्या आत असेल, त्यावर मी सही करणार नाही. गिऱ्हाईकानं खातं चालू ठेवलं. चवीची तक्रार पहिले पंधरा दिवस आली, डोसिंग थोडं वाढवल्यावर थांबली.

आता अण्णांच्या शेजारच्या प्लांटवाल्यानं बाटली आणून ठेवलीय. त्याच्याकडं ओझोन नाही, नुसतं हायपो, म्हणजे ब्रोमेटपेक्षा क्लोरेट बघावं लागणार, आणि क्लोरेट यूव्हीला जवळपास आंधळं असतं त्यामुळं आमच्या मशीनला त्यासाठी कंडक्टिव्हिटी डिटेक्टर लागेल. तो कुठून मिळतोय का ते बघतोय.